जुन्या स्कूल बसचं घर करायचंय? पुण्यात आधी कुणाला आणि काय विचारायचं

जुनी स्कूल बस घेऊन तिचं फिरतं घर करायचं, असं ठरवलेले लोक मला भेटतात तेव्हा बहुतेकांच्या मोबाइलमध्ये आतल्या मांडणीचं चित्र तयार असतं. ओटा कुठे, पलंग कुठे, टपावर सोलरची किती पॅनेल. त्याच बसच्या आरसी बुकाचा फोटो मात्र क्वचितच असतो. माझं कळकळीचं सांगणं एवढंच आहे की, बसचा सौदा होण्याआधी सल्ला घ्या आणि तो कागदावर घ्या. आधी मिळालेला नकार टपालखर्चात पडतो. सीटा काढून, पत्रा कापून झाल्यावर मिळालेल्या नकाराची किंमत लाखांत जाते.

कायदा काय म्हणतो

मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ हा या विषयाचा कणा आहे. उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलाशी आरसीवरचा तपशील जुळणार नाही, असा बदल मालकाला गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही केरळमधल्या एका प्रकरणात हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२अ आलं. परवानगी नसलेले भाग बसवून गाडीत बदल केला, तर मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा अशा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. ‘गाडी माझी, मी आत काहीही करीन’ हे इथे चालत नाही.

याचा अर्थ फिरतं घर बेकायदेशीर आहे, असा नाही. वाहननोंदणीच्या सरकारी ‘वाहन’ पोर्टलवर ‘खासगी वापराची कॅम्पर व्हॅन’ आणि ‘मोटार कॅराव्हॅन’ असे वाहनांचे वर्ग आहेत. मोटार कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे स्वतंत्र मानकही आहे. शाळेच्या मालकीची बस ‘शैक्षणिक संस्थेची बस’ म्हणून परिवहन (ट्रान्सपोर्ट) वर्गात नोंदलेली असते. ती त्या वर्गातून काढून कॅम्परच्या वर्गात न्यायची आहे, आणि खरा अर्ज आहे तो या वर्गबदलाचा. रंगरंगोटी नंतर.

पात्रता म्हणजे तुमची कमी, बसची जास्त

तुमच्या बाजूने लागतं ते थोडकं: ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा, पॅन, आणि पुण्यातला स्थिर पत्ता. बसमध्येच राहणार असलात, तरी आरसीवर बसचा पत्ता लिहिता येत नाही. आईवडिलांचं घर, भाडेकराराचं घर, काहीतरी हवंच.

बसच्या बाजूची यादी मोठी आहे आणि इथेच फसगत होते. बस महापालिकेच्या, पंचायतीच्या किंवा सरकारी परिवहन उपक्रमाच्या मालकीची असेल आणि तिला पंधरा वर्षं झाली असतील, तर १ एप्रिल २०२३ पासून तिची नोंदणी पुढे चालू राहत नाही. ती भंगारातच जाते. कितीही स्वस्त मिळाली तरी रस्त्यावर चालवायला ती घेऊ नका. खासगी शाळेच्या किंवा कंत्राटदाराच्या बसला हा नियम लागत नाही. मात्र जुन्या गाड्यांचं पासिंग, म्हणजे योग्यता तपासणी, महाग आहे. परिवहन वर्गातल्या गाडीचं पासिंग पहिली आठ वर्षं दोन वर्षांनी एकदा आणि त्यानंतर दरवर्षी असतं. शिवाय आठ वर्षांवरच्या परिवहन गाडीला महाराष्ट्रात पर्यावरण कर लागतो. तो थकलेला असेल, तर वसुली तुमच्याच दारात येते.

माझ्या मावसभावाने सातारा रस्त्यावरच्या एका शाळेची बस घेतली. पैसे दिले, मालकी बदलण्याच्या टी.टी. फॉर्मवर सह्या झाल्या, बस अंगणात आली. महिन्याभराने कळलं की, आरसीवर बँकेचा बोजा तसाच आहे. कर्ज केव्हाच फिटलं होतं, पण बोजा उतरवायचा फॉर्म ३५ कुणी घेतलाच नव्हता. त्यात फॉर्मवर सही करणारे गृहस्थ तोवर संस्थेतून निवृत्त झालेले, आणि त्यांना सहीचा अधिकार देणारा विश्वस्त मंडळाचा ठराव कुठेच नव्हता. बस सहा महिने उभी राहिली. पावसाळा गेला, चारही टायरांना चिरा पडल्या. म्हणून शाळेकडून बस घेताना संस्थेचा ठराव हातात आल्याशिवाय विसारही देऊ नका.

सल्ला कुठे मिळतो

या बाबतीत पुणेकरांचं नशीब चांगलं आहे. वाहनांची तपासणी करून प्रमाणपत्र देणाऱ्या देशातल्या मोजक्या संस्थांपैकी दोन इथेच आहेत. एक कोथरूडच्या टेकडीवरची एआरएआय, दुसरी भोसरीची सीआयआरटी. मंजुरी सहसा बॉडी बांधणाऱ्या कंपनीच्या मॉडेलला दिली जाते. त्यामुळे दोघांनाही पहिला प्रश्न हाच विचारा की, एकाच जुन्या बसचं काम तुम्ही तपासायला घ्याल का, आणि त्यासाठी कोणते आराखडे लागतील. ईमेलवर विचारा, म्हणजे उत्तर जपून ठेवता येतं.

दुसरं दार आरटीओचं. पुणे शहराचं, म्हणजे एमएच-१२ चं, कार्यालय संगम पुलाजवळ आहे, पिंपरी-चिंचवडकरांचं मोशीला. तिथे एजंटाकडे न जाता मोटार वाहन निरीक्षकांना भेटा. सोबत आरसीची प्रत, बसचे चारही बाजूंचे फोटो आणि मापांसह एक साधा नकाशा न्या. ‘बसचं घर करता येईल का’ असं मोघम विचारलं, तर उत्तरही मोघमच मिळतं. विचारा असं: अमुक वर्षाची, अमुक मेकची शैक्षणिक संस्थेची बस खासगी कॅम्पर व्हॅनमध्ये बदलण्यासाठी पूर्वपरवानगी कोणत्या कागदांवर मिळेल? अर्ज आवक-जावकला द्या आणि आपल्या प्रतीवर शिक्का घ्या.

उत्तर आलंच नाही, तर माहितीचा अधिकार आहे. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावा, विषय एकच ठेवा आणि मजकूर दीडशे शब्दांत बसवा. मात्र तिथे मत मागता येत नाही, नोंदी मागता येतात. म्हणून अशा वर्गबदलाबाबतच्या परिपत्रकांच्या प्रती मागा. उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे.

बस दिवसाला भाड्याने देण्याचा विचार असेल, तर वाट वेगळी आहे. २०२१ मध्ये महाराष्ट्राने कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणलं, आणि त्याची नोंदणी पर्यटन संचालनालयाकडे होते. अशा वेळी गाडी परिवहन वर्गातच राहते.

कागद कोणत्या क्रमाने

आधी मालकी. फॉर्म २९ आणि ३० (हेच टी.टी. फॉर्म), मूळ आरसी, चालू विमा, पीयूसी, पासिंगचा दाखला, कर भरल्याची पावती, संस्थेचा ठराव. बोजा असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र. बस दुसऱ्या राज्यातली असेल तर फॉर्म २८ वरचं ना-हरकत प्रमाणपत्र. परमिट असेल तर ते आधीच्या मालकाने जमा केल्याची पोच घ्या. ई-चलनं थकलेली नाहीत ना, तेही बघा. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला उच्च सुरक्षा नंबरप्लेट लावून घ्यावी लागते. विमा आपल्या नावावर करण्याचा अर्ज मालकी बदलल्यापासून १४ दिवसांत करायचा असतो.

चेसिस नंबरचा छापही लागतो. नंबरावर पातळ कागद धरून वरून पेन्सिल फिरवायची, की आकडे उमटतात. जुन्या स्कूल बसवर तिथे चिखल आणि ग्रीसचा थर असतो. रॉकेलच्या बोळ्याने पुसा, तारेच्या ब्रशने घासू नका. एखादा आकडा पुसट झाला, की निरीक्षक फाइल बाजूला ठेवतात. छाप सौद्याच्या दिवशीच घ्या आणि आरसीशी एकेक आकडा जुळवून पाहा. त्याच वेळी मागच्या चाकांवरचं प्लायवूड उचलायला लावा. खालचे आडवे चॅनेल स्क्रू ड्रायव्हरने टोचल्यावर पोपडे सुटत असतील, तर बस सोडून द्या.

त्यानंतर बदलाची पूर्वपरवानगी, आणि ती हातात आल्यावरच काम. काम मान्यताप्राप्त बस बॉडी बिल्डरकडेच करून घ्या आणि त्याचं मान्यतापत्र आधी मागा. ओळखीचा फॅब्रिकेटर निम्म्या पैशांत करून देईल, पण त्याचं बिल आरटीओत उपयोगी पडत नाही. आपत्कालीन दार आणि खिडक्या फर्निचरने बुजवू नका. गॅसची शेगडी, बॅटऱ्या आणि पाण्याची टाकी नकाशात दाखवा. पाण्याचं वजन लिटरमागे एक किलो, म्हणजे ३०० लिटरची टाकी एकाच कडेला ठेवली तर बस त्या बाजूला कलते. काम संपलं की वजनकाट्याची पावती घ्या. पिवळा रंग आणि ‘स्कूल बस’ ही अक्षरं काढून टाका, नाहीतर रस्त्यावर लोक तिला शाळेचीच बस समजतील.

लायसन्स आणि जागा

एकूण वजन ७,५०० किलोपर्यंत असेल, तर हलक्या वाहनाचं लायसन्स चालतं. मोठ्या, पन्नासेक सीटच्या बसला ते पुरत नाही, जड वाहनाचं काढावं लागतं. अनेकांना हे बस दारात आल्यावर कळतं.

जागेचा प्रश्न पुण्यात सगळ्यांत अवघड आहे. सोसायटीत बस लावायची तर कमिटीची लेखी संमती हवी. शेतात किंवा प्लॉटवर बस कायमची उभी करून, वीज-पाणी जोडून राहणार असाल, तर आरटीओचा प्रश्न कमी होतो, पण नगररचनेचा उभा राहतो. शहरात महापालिकेच्या बांधकाम विभागाला आणि हद्दीबाहेर पीएमआरडीएला (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाला) लेखी विचारा की, ही तात्पुरती रचना धरली जाईल का. एमआरटीपी, म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन आणि नगररचना कायदा, १९६६ खाली विनापरवानगी विकासाची नोटीस आली, तर चाकं असल्याचा बचाव टिकेलच असं नाही.

नवी आरसी हातात आली, की काउंटरवरून हलण्याआधी तीन गोष्टी वाचा: वाहनाचा वर्ग, आसनसंख्या, रिकाम्या गाडीचं वजन. आसनसंख्या जुनीच राहिली असेल, तर दुरुस्ती तिथल्या तिथे मागा. तिन्ही बरोबर असतील, तर त्याच दिवशी एक प्रत विमा कंपनीला पाठवा आणि पोच घ्या.