स्टेरँको, जिम

स्टेरँको, जिम : (५ नोव्हेंबर १९३८ – ). अमेरिकन चित्रकथाकार, पत्त्यांचे जादूगार, बंधनमुक्तीचे प्रयोग करणारे कलावंत, प्रकाशक आणि चित्रकथांचे इतिहासकार. पूर्ण नाव जेम्स एफ. स्टेरँको. पेनसिल्व्हेनिया राज्यातील रेडिंग येथे युक्रेनियन वंशाच्या कुटुंबात त्यांचा जन्म झाला. मार्व्हल कॉमिक्ससाठी १९६६ ते १९७० या काळात त्यांनी केलेले काम संख्येने थोडे असले, तरी कॉमिकच्या पानाची मांडणी कशी करता येते याविषयीच्या अमेरिकन कल्पना त्या कामाने बदलल्या. मराठी वाचकाला चित्रकथेतला जादूगार भेटला तो प्रामुख्याने इंद्रजाल कॉमिक्समधल्या मँड्रेकच्या रूपाने. स्टेरँको यांच्या बाबतीत चित्रे काढणारा हातच जादूगाराचा होता, आणि त्यांच्या चित्रकथांचा विचार करताना ही गोष्ट बाजूला ठेवता येत नाही.

घरची परिस्थिती बेताची होती. वडील पत्राकाम करीत आणि मुलाच्या चित्रकलेकडे ते फारसे कौतुकाने पाहत नसत. सोड्याच्या रिकाम्या बाटल्या गोळा करून विकायच्या आणि त्या पैशांतून चित्रकलेचे साहित्य घ्यायचे, असा मुलाचा क्रम होता. काकांनी आणून दिलेल्या खोकेभर कॉमिक्समधून आणि वृत्तपत्रांतील चित्रमालिकांमधून, विशेषतः मिल्टन कॅनिफ, अ‍ॅलेक्स रेमंड व हॅल फॉस्टर यांच्या कामातून, त्यांनी चित्रांचे धडे गिरवले. वडिलांनी पूर्वी रंगमंचावर जादूचे प्रयोग केले होते. ते जुने साहित्य मुलाच्या हाती आले आणि त्यावरच त्याने जादू शिकून घेतली. किशोरवयातील अनेक उन्हाळे त्यांनी सर्कशींत आणि फिरत्या जत्रांमध्ये काम करून काढले. आग गिळणे, खिळ्यांच्या फळीवर झोपणे आणि हातचलाखी हे त्यांचे तिथले प्रयोग होते. पुढे हातकड्या, साखळदंड आणि वेड्यांना घालत असत तसा हात जखडून ठेवणारा अंगरखा यांतून स्वतःची सुटका करून घेण्याचे, हुडिनीच्या परंपरेतले प्रयोगही त्यांनी केले.

जादूच्या क्षेत्रात त्यांचे नाव मुख्यतः पत्त्यांशी जोडले जाते. १९६० साली, वयाच्या ऐन विशीत, त्यांचे ‘स्टेरँको ऑन कार्ड्स’ हे पुस्तक शिकागोच्या आयर्लंड मॅजिक कंपनीने प्रसिद्ध केले. ही संस्था त्या काळी जादूगारांसाठी साहित्य आणि पुस्तके पुरवणाऱ्या अमेरिकेतील प्रमुख दुकानांपैकी एक होती. हे पुस्तक सर्वसाधारण वाचकासाठी नसून, ज्यांचे हात आधीच तयार आहेत अशा जादूगारांसाठी आहे. तो काळ पत्त्यांच्या जादूतल्या मोठ्या घडामोडींचा होता. डाय व्हर्नन आणि शिकागोचे एड मार्लो यांनी, जुगाऱ्यांच्या अड्ड्यांवर जपलेली तंत्रे समोर बसलेल्या चारदोन प्रेक्षकांसाठीच्या कलेत आणून तिला नवी शिस्त लावली होती. अशा मंडळींच्या काळात एका विशीतल्या तरुणाने स्वतःच्या नावाने पत्त्यांचे पुस्तक आणावे, ही साधी गोष्ट नव्हती.

पत्त्यांच्या जादूत खरे काम प्रेक्षकाच्या नजरेवर होते. दोन पत्ते एकाच पत्त्याप्रमाणे उचलून दाखवणे, प्रेक्षकाने गड्डीत परत ठेवलेला पत्ता कोणाच्याही लक्षात न येता वर आणणे, एखादा पत्ता तळहातात लपवणे, किंवा पत्ते पिसल्याचे दाखवून त्यांचा क्रम जसाच्या तसा राखणे, ही सारी तंत्रे बोटांच्या सरावाने साधतात. परंतु ती फसत नाहीत याचे कारण त्या नेमक्या क्षणी प्रेक्षक दुसरीकडे पाहत असतो किंवा पाहूनही त्याला महत्त्व देत नसतो. कोणत्या क्षणी काय दिसावे, किती वेळ दिसावे आणि कोणत्या क्रमाने दिसावे हे जादूगार ठरवतो. कॉमिकच्या पानावर चौकटी मांडणाऱ्या चित्रकारापुढेही हेच प्रश्न असतात, आणि स्टेरँको यांच्या पानांवर त्यांची उत्तरे हातचलाखी शिकलेल्या माणसाने दिलेली दिसतात.

गिटारवादन आणि रेडिंगमधील जाहिरातक्षेत्रातील कलाकाम या वाटांनी जात १९६६ साली ते कॉमिक्समध्ये स्थिरावले. हार्वी कॉमिक्ससाठी जो सायमन यांच्या संपादनाखाली त्यांनी काही पात्रे निर्माण केली, त्यांतील एकाचे नाव ‘मॅजिकमास्टर’ असे होते. त्याच वर्षी ते मार्व्हलचे संपादक स्टॅन ली यांना भेटले आणि त्या संस्थेच्या ‘स्ट्रेंज टेल्स’ या मासिकातील निक फ्युरी या गुप्तहेराच्या कथांवर काम करू लागले. डिसेंबर १९६६ च्या १५१ व्या अंकात त्यांनी मार्व्हलचे चित्रकार जॅक कर्बी यांच्या आराखड्यांवर चित्रे पूर्ण केली. लवकरच कथालेखन, रेखाटन, शाईकाम आणि रंगयोजना या चारही बाजू त्यांच्याच हाती आल्या. त्या काळच्या मार्व्हलमध्ये ही कामे बहुधा वेगवेगळ्या माणसांकडे असत, म्हणून एका तरुणाला मिळालेली ही मोकळीक दुर्मीळ होती. दृष्टिभ्रमाच्या कलेतील लयबद्ध रेषा, छायाचित्रांची जुळणी, साल्व्हादोर दाली यांच्या चित्रांतील स्वप्नसृष्टी आणि चित्रपटातील कॅमेऱ्याचे कोन हे सारे त्यांनी बारा सेंटच्या अंकांत आणले. १६७ व्या अंकातील एक प्रसंग त्यांनी सलग चार पानांवर पसरवला. तो अखंड पाहायचा तर वाचकाला अंकाच्या दोन प्रती घेऊन शेजारी शेजारी ठेवाव्या लागत.

जून १९६८ मध्ये फ्युरीला स्वतंत्र मासिक मिळाले. पहिल्या अंकाच्या आरंभी एकही शब्द नसलेली तीन पाने आहेत. एक माणूस रात्री शत्रूच्या तळात शिरतो, आणि त्याची प्रत्येक हालचाल केवळ चौकटींच्या क्रमातून वाचकापर्यंत पोहोचते. एरवी संवादाचे फुगे वाचत पुढे जाणारा वाचक येथे प्रत्येक चित्रापाशी थांबतो. लेखकाला शब्द नसलेल्या पानांचे मानधन कशाला द्यायचे, अशी हरकत प्रकाशकांच्या बाजूने घेतली गेली होती. वास्तविक या पानांतले लेखन शब्दांचा आधार न घेता केलेले आहे, आणि ते शब्दांच्या लेखनाहून सोपे नाही.

दुसऱ्या अंकातील एक पान, कॉमिक्समधील मजकूर व चित्रे छपाईपूर्वी तपासणाऱ्या नियंत्रण मंडळाच्या कात्रीत सापडले. फ्युरी आणि त्याची सहकारी व्हॅलेंटिना यांच्या भेटीच्या या पानावर टेलिफोनचा रिसीव्हर खाली काढून ठेवलेला होता. तो परत जागेवर ठेवायला लावला गेला. शेवटच्या चौकटीतले आलिंगन काढून तेथे म्यानात ठेवलेल्या पिस्तुलाचे चित्र छापण्यात आले. आक्षेप घेणाऱ्यांना त्या पिस्तुलाचा अर्थ आलिंगनाहून सौम्य वाटला असावा, परंतु जाणत्या वाचकाला तो तसा वाटण्याचे कारण नाही.

याच सुमारास त्यांनी ‘एक्स-मेन’चे दोन अंक चितारले आणि त्या मासिकाचे नवे शीर्षकाक्षर घडवले. ‘कॅप्टन अमेरिका’चे त्यांचे तीन अंक १९६९ चे आहेत. त्याच वर्षीच्या ‘टॉवर ऑफ शॅडोज’च्या पहिल्या अंकातील त्यांच्या सात पानी भयकथेवरून संपादकांशी मतभेद झाले, तरीही तिला त्या वर्षीचा, कॉमिक्ससाठी दिला जाणारा अ‍ॅली पुरस्कार मिळाला. यानंतर मार्व्हलमधील त्यांचे चित्रकथालेखन जवळजवळ थांबले.

त्यांच्या जादूच्या कारकिर्दीचा ठसा दुसऱ्या एका चित्रकाराच्या निर्मितीवर उमटला. जॅक कर्बी यांनी १९७१ मध्ये डीसी कॉमिक्ससाठी ‘मिस्टर मिरॅकल’ हे पात्र निर्माण केले. कोणत्याही बंधनातून सुटणाऱ्या या नायकामागची प्रेरणा स्टेरँको यांचे तारुण्यातील बंधनमुक्तीचे प्रयोग ही होती. ज्यांच्या आराखड्यांवर काम करत स्टेरँको पुढे आले, त्यांनीच हे पात्र रचले, हे विशेष.

स्वतःच्या ‘सुपरग्राफिक्स’ या प्रकाशनसंस्थेतर्फे त्यांनी चित्रकथांच्या इतिहासाचे दोन खंड १९७० व १९७२ मध्ये काढले. स्वस्त कागदावरील साहसकथांपासून महानायकांपर्यंतचा प्रवास तेव्हा क्वचितच कोणी गांभीर्याने नोंदवत होते. १९७२ मध्ये त्यांनी सुरू केलेले नियतकालिक नावे बदलत १९९४ पर्यंत चालले. १९७६ मधील ‘चँडलर : रेड टाइड’ ही गुप्तहेर कादंबरी त्यांनी संवादाचे फुगे पूर्णपणे वर्ज्य करून, चित्रे आणि स्वतंत्रपणे छापलेला मजकूर यांच्या जोडणीतून सांगितली. चित्र-कादंबरी या प्रकाराच्या आरंभीच्या प्रयत्नांत तिची गणना होते.

‘रेडर्स ऑफ द लॉस्ट आर्क’ (१९८१) या चित्रपटासाठी त्यांनी केलेल्या संकल्पनाचित्रांतून इंडियाना जोन्सची टोपी, कातडी जाकीट आणि चाबूक असे रूप साकारले. फ्रान्सिस फोर्ड कपोला यांच्या ड्रॅक्युलावरील १९९२ मधील चित्रपटासाठीही त्यांनी संकल्पनाकाम केले. २००६ साली अमेरिकन चित्रकथाकार विल आयस्नर यांच्या नावाने दिल्या जाणाऱ्या चित्रकथा पुरस्कारांच्या मानकऱ्यांच्या दालनात त्यांचा समावेश करण्यात आला.