ओपनपोज आणि पायथन: शरीरस्थिती ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरमागची पार्श्वभूमी

छायाचित्रातील किंवा व्हिडिओतील माणसाचे खांदे, कोपरे, मनगटे, गुडघे आणि घोटे नेमके कोठे आहेत, हे संगणकाकडून शोधून घेण्याच्या तंत्राला पोझ एस्टिमेशन म्हणतात. अमेरिकेतील पिट्सबर्ग येथील कार्नेगी मेलन विद्यापीठात तयार झालेले ओपनपोज हे या क्षेत्रातील अतिशय परिचित सॉफ्टवेअर आहे. ते सी प्लस प्लस भाषेत लिहिलेले असले, तरी चालण्याचा, व्यायामाचा किंवा नृत्याचा अभ्यास करणाऱ्या अनेकांचा त्याच्याशी संबंध येतो तो त्याच्या पायथन इंटरफेसमधून, म्हणजे पायथन या प्रोग्रामिंग भाषेतून ते चालवण्यासाठीच्या जोडणीतून. हा इंटरफेस मूळ रचनेचा भाग नव्हता. तो मागाहून जोडला गेला, आणि आजही तो वापरताना ज्या गोष्टी विचित्र किंवा अवघड वाटतात, त्यांतील बऱ्याचशा गोष्टींची कारणे या इतिहासात सापडतात.

शरीराची हालचाल मोजक्या बिंदू-रेषांत मांडण्याची कल्पना संगणकाहून जुनी आहे. फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञ एतिएन-ज्यूल मारे यांनी १८८० च्या दशकात पॅरिसमध्ये काळा पोशाख घातलेल्या माणसाच्या हातापायांवर पांढऱ्या पट्ट्या लावून एकाच काचेवर त्याच्या चालण्याची छायाचित्रे घेतली, तेव्हा माणूस दिसेनासा झाला आणि उरल्या त्या केवळ रेषा. पुढे १९७३ साली स्वीडनमधील उप्साला येथील मानसशास्त्रज्ञ गुन्नार योहान्सन यांनी सांध्यांवर लावलेल्या मोजक्या प्रकाशबिंदूंच्या हालचालीवरून पाहणाऱ्याला चालणारा माणूस तत्काळ ओळखता येतो, हे प्रयोगाने दाखवले. त्याच वर्षी मार्टिन फिशलर आणि रॉबर्ट एल्श्लागर यांनी एखादी वस्तू म्हणजे लवचीक जोडणीने एकमेकांना बांधलेले भाग, अशी मांडणी संगणकासाठी केली. ही मांडणी पुढची जवळजवळ चाळीस वर्षे या क्षेत्राचा पाया राहिली. २००५ साली पेद्रो फेल्झेन्श्वाल्ब आणि डॅनियल हटनलॉकर यांनी तिची आकडेमोड व्यवहार्य केली, तर २०११ साली यी यांग आणि देवा रामनन यांनी तिला अधिक लवचीक रूप दिले. तरीही गर्दीचे, अर्धवट झाकलेले किंवा वेड्यावाकड्या स्थितीतील शरीर या पद्धतींना पेलत नव्हते.

दरम्यान नोव्हेंबर २०१० मध्ये मायक्रोसॉफ्टचे किनेक्ट बाजारात आले. हा कॅमेरा प्रत्येक बिंदूचे अंतर मोजत असे आणि त्या अंतरावरून शरीराचे भाग ओळखण्याची पद्धत मायक्रोसॉफ्टच्या केंब्रिज येथील संशोधकांनी २०११ साली प्रसिद्ध केली. प्रयोगशाळांनी हे खेळण्याचे यंत्र हाताशी धरले खरे, पण पायथनमधून काम करू पाहणाऱ्यांची पंचाईत तेव्हाच सुरू झाली. लिबफ्रीनेक्ट या मुक्त ड्रायव्हरला पायथनची जोड होती, मात्र त्यातून फक्त रंगीत चित्र आणि अंतरांचा नकाशा मिळे, सांगाडा, म्हणजे सांध्यांच्या जागा, मिळत नसे. सांगाडा हवा असेल तर अशा कॅमेऱ्यांसाठीचे ओपनएनआय हे सॉफ्टवेअर आणि त्यासोबतचे प्राइमसेन्स कंपनीचे बंदिस्त सॉफ्टवेअर घ्यावे लागे. २०१३ साली ॲपलने प्राइमसेन्स विकत घेतली आणि २०१४ मध्ये ओपनएनआयचे संकेतस्थळ बंद झाले. ज्यांनी आपले संशोधन त्यावर उभारले होते, त्यांना सॉफ्टवेअरचे दार दुसऱ्याच्या हातात असणे म्हणजे काय, याचा अनुभव येथे आला.

साध्या कॅमेऱ्याच्या चित्रावरून काम होऊ लागले ते डीप लर्निंगनंतर, म्हणजे अनेक थरांच्या न्यूरल नेटवर्कला उदाहरणांवरून शिकवण्याचे तंत्र आल्यावर. २०१४ साली गूगलमधील अलेक्झांडर तोशेव आणि क्रिश्चियन सेगेडी यांनी डीपपोज ही पद्धत मांडली. तिच्यात न्यूरल नेटवर्क सांध्यांचे सहनिर्देशक थेट सांगत असे. लवकरच असे लक्षात आले की, एकच बिंदू सांगण्यापेक्षा चित्रातील प्रत्येक ठिकाणी तो सांधा असण्याची शक्यता दाखवणारा नकाशा काढणे अधिक फलदायी ठरते. एमपीआयआय आणि कोको हे चित्रसंग्रह याच काळात उपलब्ध झाले, आणि शिकवण्यासाठी लागणारी सामग्री हाती आली. कार्नेगी मेलनमध्ये २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या कन्व्होल्यूशनल पोझ मशीन्स या पद्धतीने शक्यतांचा नकाशा टप्प्याटप्प्याने सुधारत नेला.

मात्र एका चित्रात अनेक माणसे असली की खरी अडचण येते. आधी प्रत्येक माणूस शोधायचा आणि मग त्याच्या भोवतीच्या चौकटीत सांधे शोधायचे, ही रीत सरळ असली, तरी माणसे वाढतील तसा वेळ वाढतो आणि माणूस शोधण्यात चूक झाली की पुढचे सगळे वाया जाते. झे काओ, तोमास सायमन, शिह-एन वे आणि यासर शेख यांनी २०१६ च्या अखेरीस उलटी वाट घेतली. त्यांच्या पद्धतीत चित्रातील सगळ्या माणसांचे सगळे सांधे एकदमच शोधले जातात, आणि त्यासोबत नेटवर्क आणखी एक नकाशा काढते, ज्यात प्रत्येक अवयवाच्या लांबीवर तो कोणत्या दिशेने जातो हे सदिशांनी नोंदलेले असते. एखादा कोपर आणि एखादे मनगट यांच्यामधील रेषेवर हे सदिश जुळत असतील, तर ती जोडी एकाच माणसाची, असा निर्णय होतो. नेटवर्कला लागणारा वेळ त्यामुळे माणसांच्या संख्येवर फारसा अवलंबून राहत नाही. याच पद्धतीने कोकोची २०१६ ची कीपॉइंट, म्हणजे शरीराचे बिंदू ओळखण्याची, स्पर्धा जिंकली.

हात आणि बोटे यांची कथा वेगळी असून तिला थोडी जागा देणे योग्य ठरेल. बोटे एकमेकांआड लपतात, त्यामुळे छायाचित्रावर माणसाने खुणा करून शिकवण्याची सामग्री तयार करणे जवळजवळ अशक्य होते. कार्नेगी मेलनमध्ये यासाठी एक घुमटाकार स्टुडिओ होता, ज्याच्या आतल्या बाजूला साध्या रिझोल्यूशनचे ४८० आणि एचडी दर्जाचे ३१ कॅमेरे बसवलेले होते. एका कॅमेऱ्याला न दिसणारे बोट दुसऱ्याला दिसते. ज्या कॅमेऱ्यांतून बोट नीट ओळखू आले, त्यांच्यावरून त्याची त्रिमितीय जागा काढायची आणि ती जागा उरलेल्या कॅमेऱ्यांच्या चित्रांवर उमटवून त्याच चित्रांवर नेटवर्कला पुन्हा शिकवायचे, अशी फेरी संशोधकांनी चालवली. एका साध्या वेबकॅमवरून प्रत्येक हाताचे २१ बिंदू ओळखण्याची जी सोय पुढे सर्वांना मिळाली, तिच्यामागे हा खर्चिक घुमट उभा आहे. पुढे शरीराचे २५, चेहऱ्याचे ७० आणि दोन्ही हातांचे ४२ बिंदू ओपनपोज ओळखू लागले.

२०१७ साली काओ आणि सहकाऱ्यांच्या पद्धतीवर उभी असलेली ओपनपोज ही लायब्ररी, म्हणजे इतर प्रोग्राममधून वापरता येणारा तयार कोड, खुली झाली, तेव्हा ती सी प्लस प्लसमध्ये होती आणि आत कॅफे हे बर्कलीचे डीप लर्निंग सॉफ्टवेअर होते. चित्र आत घेणारा, नेटवर्क चालवणारा, परिणाम पडद्यावर दाखवणारा असे वेगवेगळे थ्रेड, म्हणजे प्रोग्राममधील समांतर चालणारे भाग, एकाच वेळी काम करत, आणि एका टप्प्याचे काम पुढच्या टप्प्याच्या रांगेत ढकलले जाई. वेग हेच या सॉफ्टवेअरचे भूषण असल्यामुळे ही रचना योग्यच होती. परंतु ज्यांना केवळ सांध्यांचे आकडे हवे होते, त्यांच्यासाठी ती जड होती. मूळ संशोधनासोबत मॅटलॅब आणि पायथनमधील चाचणीचे कोड दिलेले होते, पण ते संपूर्ण लायब्ररीची जागा घेण्याजोगे नव्हते. म्हणून बहुतेकांनी आडमार्ग धरला: ओपनपोजचा तयार डेमो कमांडवरून चालवायचा, त्याच्याकडून प्रत्येक फ्रेमसाठी जेसन या मजकुरी स्वरूपातील एक फाइल लिहून घ्यायची, आणि मग त्या हजारो फाइली पायथनमध्ये वाचायच्या. ही पद्धत ओबडधोबड आहे यात शंका नाही. तरी आधीच चित्रित केलेल्या व्हिडिओंचा अभ्यास करणाऱ्यासाठी, माझ्या मते, आजही तीच सर्वांत कमी त्रासाची आहे. काहींनी नेटवर्कच टेन्सरफ्लो या गूगलच्या डीप लर्निंग सॉफ्टवेअरमध्ये नव्याने बांधले, तर ओपनसीव्ही या चित्रप्रक्रियेच्या लायब्ररीतील न्यूरल नेटवर्कसाठीच्या डीएनएन विभागातून ओपनपोजची मॉडेल फाइल थेट उघडण्याची सोयही उपलब्ध झाली.

अशी तळमळ पायथनसाठीच का, याचे उत्तर ओपनपोजच्या बाहेर आहे. २००६ च्या सुमारास स्थिरावलेल्या नमपाय या लायब्ररीने आकड्यांच्या तक्त्यांना पायथनमध्ये एक समान रूप दिले, आणि ओपनसीव्हीने आपले चित्र म्हणजे नमपायचा तक्ता असे ठरवून टाकल्यावर चित्र, गणित आणि आलेख यांची साधने एकमेकांशी बोलू लागली. सी प्लस प्लसचा कोड पायथनला जोडण्यासाठी आधी बूस्ट डॉट पायथन ही अवजड लायब्ररी वापरली जाई, आणि कॅफेची पायथन जोडही तिच्यावरच होती. पुढे वेन्झेल याकोब यांनी पायबाइंड ११ ही आटोपशीर लायब्ररी तयार केली, तेव्हा हे काम बरेच सोपे झाले. ओपनपोजच्या पायथन इंटरफेसची पहिली आवृत्ती मर्यादित होती. नंतरची, अधिक समर्थ आवृत्ती पायबाइंड ११ वर उभी राहिली.

या इंटरफेसचे रूप पाहिले की मूळची रचना ओळखू येते. मॉडेलचा फोल्डर, नेटवर्कचे रिझोल्यूशन, हात किंवा चेहरा हवा की नको, हे सगळे एका डिक्शनरीत, म्हणजे नाव आणि मूल्य यांच्या जोड्यांच्या यादीत, लिहावे लागते, आणि तिच्यातील नावे म्हणजे डेमोच्या कमांडवरील पर्यायांचीच नावे आहेत. मग रॅपर, म्हणजे आतली सगळी यंत्रणा चालवणारी वस्तू, सुरू करायचा, डेटम नावाची वस्तू तयार करायची, तिच्यात चित्र ठेवायचे, आणि 'इम्प्लेस-अँड-पॉप' या फंक्शनकडे ती सोपवायची. पायथनमध्ये सहसा न आढळणारे हे नाव सी प्लस प्लसच्या त्या रांगेचे आहे: काम रांगेत ठेवा आणि झाल्यावर काढून घ्या. २०२० मधील १.७ आवृत्तीत साध्या पायथन यादीऐवजी व्हेक्टर-डेटम नावाची वस्तू द्यावी लागू लागली, आणि जुनी उदाहरणे जशीच्या तशी उतरवून घेणाऱ्यांचे कोड बंद पडले. एवढे करून हाती येतो तो नमपायचा तक्ता: माणसांची संख्या, २५ बिंदू, आणि प्रत्येक बिंदूचे तीन आकडे, म्हणजे आडवी जागा, उभी जागा आणि खात्री.

हा तक्ता इतका सुटसुटीत दिसतो की त्यातील सापळे नजरेआड होतात. जो बिंदू सापडला नाही, त्याचे तिन्ही आकडे शून्य असतात; ते न वगळता सरासरी काढली, तर गुडघा चित्राच्या वरच्या डाव्या कोपऱ्याकडे सरकतो. पहिल्या फ्रेममधील पहिला माणूस दुसऱ्या फ्रेममध्येही पहिलाच असेल, याची हमी नाही, कारण प्रत्येक फ्रेम स्वतंत्रपणे सोडवली जाते. उजवे-डावे हे चित्रातील माणसाचे असते, पाहणाऱ्याचे नव्हे.

सर्वांत जास्त लोक अडखळतात ते याच्याही आधी, म्हणजे बांधणीच्या वेळी. पायथनचा भाग आपोआप तयार होत नाही. सीमेक या बांधणीच्या साधनात तो मुद्दाम सुरू करावा लागतो, आणि ज्या पायथन आवृत्तीसाठी तो कंपाइल झाला, त्याच आवृत्तीत तो उघडतो. ग्राफिक्स कार्डावर आकडेमोड करणारे कूडा हे सॉफ्टवेअर, कॅफे आणि पायथन यांच्या आवृत्त्या जुळवणे हे काम संशोधनाहून वेगळेच कौशल्य मागते. विकास मंदावलेल्या कॅफेवरील अवलंबित्व वर्षागणिक अधिक जाचक झाले, हे येथे नोंदवले पाहिजे.

परवान्याचीही अडचण होती. ओपनपोजचा स्रोत सर्वांना पाहता येतो, परंतु मोफत वापर अव्यावसायिक संशोधनापुरता आहे. व्यावसायिक परवान्यासाठी विद्यापीठाने वर्षाला २५,००० डॉलर शुल्क ठेवले आणि क्रीडाक्षेत्र त्यातून वगळले. खेळाडूंच्या हालचालींचे विश्लेषण हा या तंत्राचा सर्वांत उघड उपयोग असल्यामुळे, हे वगळणे अनेक लहान कंपन्यांना दुसरीकडे वळवणारे ठरले.

ते वळले ते बहुधा गूगलच्या मीडियापाइप या लायब्ररीकडे. तिचाही गाभा सी प्लस प्लसचाच असून पायथनची जोड मूळची पायबाइंड ११ ची आहे, पण ती पिप या पायथनच्या साधनाच्या एका आज्ञेने बसते, ग्राफिक्स कार्ड मागत नाही, आणि तिचा अपाची परवाना व्यावसायिक वापरास मुभा देतो. २०२० मध्ये तिच्यात आलेले ब्लेझपोज मॉडेल ३३ बिंदू देते. सुरुवातीला मात्र ते एकाच माणसापुरते होते, म्हणजे ज्या प्रश्नासाठी ओपनपोज घडले, तोच प्रश्न त्याने बाजूला ठेवला. २०२३ मध्ये गूगलने मीडियापाइपचा जुना पायथन इंटरफेस मागे टाकून नवा पुढे केला, आणि तेथेही जुनी उदाहरणे शिळी झाली. एमएमपोजसारखी नंतरची साधने पायटॉर्च या डीप लर्निंग लायब्ररीवर, म्हणजे पायथनमध्येच, जन्मली. त्यांना वेगळ्या जोडणीची गरज उरली नाही.

ओपनपोजची बिंदूंची क्रमवारी मात्र त्याच्या कोडपेक्षा दूरवर पोहोचली आहे. २०२३ साली आलेल्या कंट्रोलनेटमध्ये, चित्र निर्माण करणाऱ्या मॉडेलला माणसाची स्थिती सांगण्यासाठी, ओपनपोजच्या जुन्या, १८ बिंदूंच्या मॉडेलचा तोच रंगीत सांगाडा वापरला गेला, आणि तो काढणारा कोड मूळ लायब्ररीला हात न लावता पायटॉर्चमध्ये नव्याने लिहिलेला होता.