बँक मित्राचे भांडवल अडते कुठे?

म्हापसा किंवा फोंड्याच्या बाजारपेठेला पिग्मी एजंट नवा नाही. दुकानादुकानांतून रोजची बचत गोळा करण्याची ही पद्धत १९२८ मध्ये उडुपीच्या एका बँकेने, म्हणजे पुढे सिंडिकेट बँक झालेल्या संस्थेने, सुरू केली. पिग्मी एजंटाला स्वतःचे भांडवल लागत नाही, कारण तो दुसऱ्यांचे पैसे फक्त बँकेपर्यंत पोहोचवतो. रिझर्व्ह बँकेने २००६ मध्ये ज्यांना वाट मोकळी करून दिली आणि २०१४ च्या जनधन योजनेनंतर जे ‘बँक मित्र’ म्हणून गावोगावी दिसू लागले, त्या, बँकेच्या वतीने गावातच पैसे देण्या-घेण्याचे काम करणाऱ्या एजंटांची गोष्ट मात्र वेगळी आहे. त्यांना आधी स्वतःच्या खिशात हात घालावा लागतो.

पैसे काढताना ग्राहक यंत्रावर अंगठा लावतो, एजंट आपल्या गल्ल्यातून नोटा मोजून देतो आणि तेवढी रक्कम एजंटाच्या बँक खात्यात जमा होते. भरणा करताना याच्या उलट घडते: नोटा गल्ल्यात येतात आणि खात्यातील शिल्लक कमी होते. त्यामुळे एजंटाचे भांडवल खर्च होत नाही, ते फक्त रूप बदलते. पण चुकीच्या रूपात अडकले की धंदा तिथेच थांबतो.

सत्तरी तालुक्यातील एका किराणा दुकानात सकाळी २०,००० रुपये रोख आहेत, असे समजू. गोवा सरकारच्या, गृहिणींसाठीच्या गृह आधार योजनेचे १,५०० रुपये खात्यांत जमा झाल्याची बातमी वाड्यावर पसरली की प्रत्येकीला पूर्ण रक्कमच काढायची असते. तेराव्या बाईनंतर गल्ल्यात ५०० रुपये उरतात आणि चौदावी रिकाम्या हाताने परतते. एजंटाच्या खात्यात पैसे आहेत, पण ते नोटांत आणायचे तर दुकान बंद करून वाळपईच्या शाखेत जावे लागेल. शंभर रुपयांमागे चाळीस पैसे कमिशन धरले तर सकाळची कमाई ७८ रुपये होते, आणि बसभाडे व बुडालेली गिऱ्हाइके वजा जाता त्यातले फारसे काही उरत नाही. हाच गल्ला ६०,००० चा असता तर चाळीस जणींचे काम झाले असते. खरे नुकसान तर पुढचे आहे: एकदा परत गेलेली बाई पुढच्या महिन्यात थेट शाखेचीच वाट धरते. गोव्यात शाखा फार लांब नसल्याने हा धोका इथे अधिक आहे, असे मला वाटते.

म्हणून एजंटाला कर्ज किंवा मदत म्हणून मिळणाऱ्या सुरुवातीच्या अर्थसाहाय्याचा परिणाम मोजताना रकमेइतकेच ती कशासाठी मिळाली हेही पाहावे लागते. यंत्र आणि फलक यांपुरतीच मदत मिळाली तर दुकान उघडते, पण चालत नाही. उलट, गर्दीच्या दिवसाची गरज भागल्यानंतर प्रत्येक जादा रुपया गल्ल्यात पडून राहतो, त्यावर व्याज चढते आणि चोरीची भीती वाढते.

शिवाय, ज्यांना कर्ज मिळाले त्यांचा व्यवसाय वाढला, एवढ्यावरून कर्जामुळेच तो वाढला असे ठरत नाही. कदाचित बँकेने आधीपासूनच हुशार असलेले एजंट निवडले असतील. यावरचा उपाय म्हणजे चिठ्ठ्या टाकून मदत वाटणे. श्रीलंकेतील छोट्या व्यावसायिकांवर असा प्रयोग झाला आणि २००८ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दिलेल्या भांडवलावर दरमहा सरासरी सुमारे पाच टक्के परतावा दिसला, म्हणजे बाजारातील व्याजदरापेक्षा बराच जास्त. मात्र स्त्रियांच्या व्यवसायांत सरासरीने तशी वाढ आढळली नाही. घानातील पुढच्या प्रयोगात रोख रकमेपेक्षा वस्तुरूपाने दिलेली मदत धंद्यात अधिक टिकली. हातात आलेली रोकड घरखर्चात वळते, हे त्यामागचे एक कारण मानले जाते. ते व्यावसायिक बँकेचे एजंट नव्हते, तरी ज्याचा मालच नोटा आहे त्या बँक मित्राला हा मोह अधिकच असणार.

त्यामुळे एकरकमी कर्जापेक्षा व्यवहाराच्या खात्याला जोडलेली ओव्हरड्राफ्टची, म्हणजे शिल्लकेपेक्षा जास्त पैसे उचलू देणारी, मर्यादा मला अधिक सोयीची वाटते. चतुर्थीच्या आधीच्या आठवड्यात एजंट ती पुरेपूर वापरील, एरवी ती तशीच राहील आणि व्याज फक्त वापरलेल्या दिवसांचेच लागेल.