फूल सुकण्याआधी पाकळीत काय घडते

शिकागोतील विल्यम क्रॉकर आणि ली नाइट या दोन वनस्पतिशास्त्रज्ञांनी 1908 साली फुलबागायतदारांच्या एका तक्रारीचा छडा लावला. काचगृहातली कार्नेशनची उमललेली फुले अवेळी मिटत होती, कळ्या न उमलताच वाळत होत्या आणि संशय होता तो दिव्यांसाठी नळातून येणाऱ्या कोळशाच्या वायूवर. संशय खरा निघाला. मात्र त्या मिश्रणातला मुख्य अपराधी इथिलीन हा साधा, रंगहीन वायू होता. वीस लाख भाग हवेत एक भाग इथिलीन असले, तरी बारा तासांत उमललेले कार्नेशन मिटते, असे त्यांच्या प्रयोगांत दिसले. सात वर्षे आधी सेंट पीटर्सबर्गमध्ये दिमित्री नेल्युबोव यांनी याच वायूमुळे वाटाण्याची रोपे वेडीवाकडी वाढतात हे दाखवले होते. तरीही इथिलीन हे बाहेरून येणारे विष आहे, हाच समज बराच काळ टिकला. रिचर्ड गेन यांनी 1934 मध्ये पिकणारी सफरचंदे स्वतःच इथिलीन सोडतात हे सिद्ध केले, तेव्हा कुठे या वायूकडे वनस्पतीचे स्वतःचे संप्रेरक म्हणून पाहिले जाऊ लागले.

कार्नेशनचे फूल कापून पाण्यात ठेवले, तर सुरुवातीचे काही दिवस त्यातून इथिलीन जवळजवळ बाहेर पडतच नाही. पुढे एक दिवस असा येतो की फुलाच्या मधोमध असलेल्या स्त्रीकेसरात त्याची निर्मिती एकदम वाढते. तो वायू पाकळ्यांपर्यंत पोहोचला की पाकळ्याही स्वतःचे इथिलीन बनवू लागतात, आणि त्या इथिलीनमुळे आणखी इथिलीन तयार होते. पाकळ्यांच्या कडा आत वळतात, फूल मिटल्यासारखे दिसते आणि त्यानंतर ते पूर्ववत होत नाही. पाकळी सुकते ती केवळ पाणी संपल्यामुळे, असे आपण सहज धरून चालतो. पण इथे पाकळीच्या पेशी जिवंत असताना, नवीन प्रथिने तयार करून, ठरलेल्या क्रमाने स्वतःला मोडून काढत असतात. प्रथिनांची निर्मिती रोखणारे द्रव्य पाकळीला दिले तर तिचे सुकणे लांबते, यावरून ही आपोआप होणारी झीज नव्हे, हे स्पष्ट होते.

इथिलीन तयार होण्याची वाट शांग फा यांग आणि डग्लस अ‍ॅडम्स यांनी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील प्रयोगशाळेत 1979 मध्ये उलगडली. मेथिओनिन या अमिनो आम्लापासून सुरुवात होते, मध्ये एसीसी नावाचा टप्पा येतो आणि शेवटी इथिलीन बाहेर पडते. एसीसी बनवणारे विकर आणि एसीसीचे इथिलीन करणारे विकर, या दोन विकरांची जनुके कार्नेशनच्या तरुण फुलात शांत असतात आणि सुकण्याच्या वेळी जोमाने काम करू लागतात.

ही जनुके केव्हा जागी व्हायची हे बऱ्याच फुलांत परागीभवनावर ठरते. फॅलेनॉप्सिस जातीच्या ऑर्किडचे फूल परागकण मिळाले नाहीत तर आठवडेच्या आठवडे, कधी महिनेही टिकते. कुक्षीवर परागकण पडले की ते काही दिवसांत मान टाकते. पाकळीला कोणी हातही लावलेला नसतो. संदेश कुक्षीपासून सुरू होतो, इथिलीनची लाट कुक्षीवृंतातून खाली उतरते आणि पाकळ्यांना निरोप पोहोचतो. यामागचा हिशेब सरळ आहे. उमललेली पाकळी सतत पाणी आणि साखर खर्च करते, त्यामुळे काम झाल्यावर ती सांभाळणे झाडाला परवडत नाही. टिया-लिन अ‍ॅशमन आणि डॅनियल शोन यांनी 1994 मध्ये, फुलाने किती दिवस जगावे याचे उत्तर देखभालीचा खर्च आणि परागीभवनाचा वेग यांच्या तोलावर अवलंबून असते, असे मांडले होते. सुकताना पाकळीतली साखर, नत्र आणि स्फुरद बऱ्याच अंशी देठाकडे व वाढत्या बीजकोशाकडे परत नेले जातात. पाकळीच्या पेशीतली मोठी रिक्तिका, म्हणजे द्रवाने भरलेली पिशवी, फुटते, तिच्यातली विकरे उरलेली पेशी पचवतात. पण त्याआधी काढून घेण्याजोगे बरेचसे काढून घेतलेले असते.

इथिलीनची खबर पेशीला कशी लागते, हे अ‍ॅराबिडॉप्सिस नावाच्या मोहरीवर्गीय छोट्या रोपातून कळले. त्यातले ईटीआर1 हे जनुक 1993 मध्ये वेगळे करण्यात आले. एखाद्या वनस्पती-संप्रेरकाचे ग्राही प्रथिन, म्हणजे ते संप्रेरक येऊन चिकटते ते प्रथिन, ओळखले जाण्याची ती पहिलीच वेळ होती. त्याची रीत उलटी आहे. इथिलीन नसताना हे प्रथिन कामावर असते आणि पुढच्या जनुकांना दाबून ठेवते. इथिलीन येऊन चिकटले की ते गप्प होते, दाब उठतो आणि सुकण्याचा कार्यक्रम सुरू होतो. इथिलीन चिकटण्यासाठी या प्रथिनात तांब्याचा अणू लागतो. त्या तांब्याच्या जागी चांदी बसली, तर निरोप पुढे जातच नाही, आणि म्हणूनच 1970 च्या दशकाच्या अखेरीपासून कार्नेशनच्या देठांना सिल्व्हर थायोसल्फेटचे द्रावण पाजण्याची पद्धत रूढ झाली. चांदी हा जड धातू असल्याने सांडपाण्याचा प्रश्न उभा राहतो. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिना राज्य विद्यापीठात सापडलेले 1-एमसीपी हे वायुरूप द्रव्य त्या मानाने सुटसुटीत आहे, कारण ते इथिलीनची जागाच अडवून बसते. मात्र पेशी नवीन ग्राही प्रथिने बनवू लागली की त्याचा प्रभाव ओसरतो.

साहजिकच संशोधकांनी जनुकालाच हात घातला. अ‍ॅराबिडॉप्सिसचे बदललेले, इथिलीनला दाद न देणारे ईटीआर1 जनुक 1997 मध्ये पेटुनियात घातले गेले आणि फुले खरोखरच जास्त टिकली. पण त्याच रोपांच्या फांद्यांना मुळे नीट फुटेनात, कारण इथिलीन केवळ फुलाचे काम पाहत नाही. त्यामुळे बदललेले जनुक फक्त फुलातच चालू राहील अशी व्यवस्था करणे भाग पडले. माझ्या मते यापेक्षा शहाणा मार्ग जपानी पैदासकारांनी घेतला. तेथील सरकारी पुष्पसंशोधन संस्थेने 1992 पासून कार्नेशनचे नेहमीच्या पद्धतीने संकर आणि निवड करत ‘मिरॅकल रूज’ आणि ‘मिरॅकल सिम्फनी’ हे वाण तयार केले. त्यांची फुले इथिलीन फारच कमी बनवतात आणि नेहमीच्या वाणाच्या सुमारे तिप्पट काळ टिकतात.

आता इथिलीनच सर्व काही घडवते, असे वाटण्याचा संभव आहे, तसे नाही. लिली, ट्यूलिप, ग्लॅडिओलस यांच्या पाकळ्या सुकताना इथिलीनचा वाटा अगदी थोडा असतो. त्यांच्यात वयाचे घड्याळ वेगळे आहे, आणि त्याचा एक काटा जपानमध्येच सापडला. असागाओ ही गणेशवेलीच्या प्रजातीतली वेल. तिचे निळे फूल पहाटे उमलते आणि त्याच दिवशी आवळून जाते. केनिची शिबुया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2014 मध्ये या फुलातले ‘एफेमेरल1’ हे जनुक ओळखले. त्याचे प्रथिन इतर जनुके चालू-बंद करणाऱ्या ‘नॅक’ कुटुंबातले आहे. हे जनुक दाबून टाकले, तेव्हा एरवी सुमारे 13 तासांत कोमेजू लागणारे फूल सुमारे 24 तास टिकले. दुसऱ्या दिवशी सकाळी एकाच वेलीवर ताजी निळी फुले आणि कालची, वयामुळे जांभळट झालेली फुले शेजारी शेजारी दिसू लागली. पुढे क्रिस्पर या जनुकात नेमका बदल करण्याच्या तंत्राने तेच जनुक निकामी करूनही फुलाचे आयुष्य वाढले.

इतर संप्रेरके या दोन घड्याळांना पुढे-मागे सरकवतात. सायटोकायनिन तारुण्य लांबवते. ते तयार करणारे जनुक पेटुनियात घातल्यावर परागीभवनानंतरचे सुकणे बरेच दिवस पुढे गेले. अ‍ॅब्सिसिक आम्ल उलट घाई करते. गुलाबात आणखी एक निराळी गोष्ट घडते: काही वाणांच्या पाकळ्या सुकण्याआधीच गळतात. लखनौच्या राष्ट्रीय वनस्पतिशास्त्र संशोधन संस्थेत रोझा बुर्बोनियाना या सुगंधी गुलाबावर झालेल्या कामात, इथिलीन दिल्यावर पाकळीच्या बुडाशी पेशीभित्ती सैल करणारी जनुके वेगाने चालू होताना दिसली. पाकळी तिथूनच सुटते. देठावर मान वाकवलेल्या बाजारातल्या गुलाबाचा मात्र संप्रेरकांशी फारसा संबंध नसतो. त्याचा देठ हवेने किंवा जिवाणूंनी तुंबलेला असतो आणि पाण्याखाली नव्याने तिरका कापल्यास तो अनेकदा सावरतो.

पूजेसाठी फुले आणि पिकलेली केळी एकाच पिशवीतून आणण्याची आपली सवय कार्नेशन किंवा ऑर्किडच्या बाबतीत महागात पडते, कारण पिकणारी केळी भरपूर इथिलीन सोडतात. ग्लॅडिओलसला त्या शेजाराचा विशेष त्रास होत नाही. त्याच्या दांड्यावरच्या वरच्या कळ्या उमलायच्या असतील, तर देठाला काही तास साखरेचे दाट पाणी पाजणे जास्त उपयोगी ठरते.