मुंग्यांवर पोसलेलं चाळीस किलोचं धूड

दिवसाला साधारण ३० हजार मुंग्या आणि वाळव्या. दक्षिण अमेरिकेतल्या महाकाय मुंगीखाऊचा हा रोजचा आहार. आकडा मोठा वाटतो, पण एका मुंगीत असतं काय? कडक कवच, थोडं आम्ल आणि नावापुरतं मांस. एवढ्यावर हा प्राणी नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत दोन मीटरच्या आसपास वाढतो आणि ३० ते ४० किलोचा होतो. हे त्याला कसं जमतं, हे नीट पाहिलं की तो आज संकटात का आहे तेही उलगडत जातं. म्हणून आधी त्याचं शरीर पाहू.

तोंडापासून सुरुवात करू. तोंड म्हणजे खरं तर एक लांब नळी, टोकाला छोटीशी फट असलेली. आत एकही दात नाही. जबडा आपल्यासारखा उघडत-मिटत नाही. खालच्या जबड्याच्या दोन बाजू आतल्या आत किंचित वळतात आणि तेवढ्याने जिभेला वाट मिळते. जीभ साठ सेंटिमीटरपर्यंत लांब असते आणि ती मागे ओढणारे स्नायू थेट छातीच्या हाडाच्या टोकाशी जोडलेले असतात. मिनिटाला दीडशेच्या वर वेळा ती वारुळात आत-बाहेर होते. तिच्यावर मागे वळलेले बारीक काटे असतात आणि भल्यामोठ्या ग्रंथींतून येणारी चिकट लाळ असते. चिकटलेली मुंगी टाळूवर रगडली जाते आणि गिळली जाते. चावण्याचं उरलेलं काम जठर करतं. त्याच्या जाड स्नायूंच्या भिंती मुंग्यांचा भुगा करतात आणि मुंग्यांच्या अंगातलं फॉर्मिक आम्ल पचनाला हातभार लावतं.

वारूळ सापडतं ते वासावर, कारण नजर अधू असते. पुढच्या पायाच्या नख्यांनी तो वारुळाला भोक पाडतो, तोंड घालतो, आणि बहुतेक वेळा मिनिटभरही न थांबता पुढच्या वारुळाकडे चालू लागतो. तेवढ्या वेळात आतले सैनिक धावून येतात आणि चावे घ्यायला लागतात. मोठ्या जबड्यांच्या, झोंबऱ्या जातींच्या वाटेला तर तो सहसा जातच नाही. याचा आपसूक होणारा परिणाम मला फार महत्त्वाचा वाटतो. वारूळ मोडत नाही, वसाहत सावरते, आणि काही दिवसांनी तिथेच पुन्हा जेवण मिळतं.

त्या नख्या दहा सेंटिमीटरच्या घरातल्या. त्या झिजू नयेत म्हणून तो पंजा आत दुमडून बोटांच्या सांध्यांवर आणि तळव्याच्या कडेवर चालतो, त्यामुळे चाल जराशी लंगडी दिसते. कोंडीत सापडला तर मात्र मागच्या पायांवर उभा राहून याच नख्यांनी वार करतो. जॅग्वारही त्याच्याशी जपून वागतो. ब्राझीलमध्ये जखमी किंवा कुत्र्यांनी घेरलेल्या मुंगीखाऊच्या जवळ गेलेल्या शिकाऱ्यांचे मृत्यू वैद्यकीय नियतकालिकात नोंदले गेले आहेत. एरवी हा प्राणी माणसाच्या वाटेलाही जात नाही.

आपल्या खवल्या मांजराची आठवण झाली असेल तर ती बरोबरच आहे. त्यालाही दात नाहीत, लांब चिकट जीभ आहे, वारूळ फोडणाऱ्या नख्या आहेत. पण दोघांचं नातं काही नाही. खवल्या मांजराचे जवळचे नातलग वाघ-कुत्र्यांसारखे मांसाहारी, तर मुंगीखाऊचे म्हणजे झाडांना लटकणारे संथ स्लॉथ आणि अंगावर चिलखत असलेले आर्माडिलो. एकाच प्रकारच्या अन्नामागे लागलेली दोन वेगळी घराणी दूरदूरच्या खंडांवर वेगवेगळ्या वाटांनी जवळपास त्याच शरीरापाशी पोचली. उत्क्रांतीतलं हे साम्य मला आजही थक्क करतं.

आता मूळ प्रश्नाकडे. एवढ्या हलक्या अन्नावर एवढं शरीर चालतं, कारण त्याचा खर्चच कमी आहे. मुंगीखाऊच्या शरीराचं तापमान ३३ अंश सेल्सियसच्या आसपास असतं, सस्तन प्राण्यांमध्ये अगदी खालच्या पातळीवरचं. चयापचय मंद असतं आणि दिवसाचा बराचसा वेळ झोपेत जातो. तुटपुंज्या पगारात नेटाने चालवलेला संसार असावा, तसं हे सगळं आहे. झोपताना तो अंगाचं मुटकुळं करतो आणि झुपकेदार शेपूट पांघरुणासारखी वर ओढून घेतो. थंडी पडली की दिवसा फिरतो, उकाडा वाढला की रात्री. ब्राझीलच्या पांतानाल या पाणथळ प्रदेशातल्या अभ्यासांत दिसलं की फार थंडी किंवा फार ऊन असलं की हे प्राणी गवताळ माळ सोडून झाडीच्या तुकड्यांत आसरा घेतात. शरीराला स्वतःचं तापमान राखणं महाग पडतं, म्हणून ते काम झाडांच्या सावलीवर सोपवलेलं असतं. माळावरची झाडी काढून टाकली तर वारुळं कदाचित उरतील, मुंगीखाऊ उरणार नाही.

काटकसर प्रजननातही आहे. सुमारे सहा महिन्यांच्या गर्भारपणानंतर एकच पिल्लू होतं. ते आईच्या पाठीवर बसून वाढतं, आणि त्याच्या अंगावरचा काळा-पांढरा पट्टा आईच्या पट्ट्याशी असा जुळतो की लांबून पाहणाऱ्याला पिल्लू वेगळं ओळखू येत नाही. कित्येक महिने हा प्रवास चालतो. स्वतः पिल्लं घालण्याजोगं व्हायला त्याला दोन-तीन वर्षं तरी लागतात. म्हणजे एक वयात आलेली मादी मेली तर ती जागा भरून यायला वर्षं जातात.

आणि माद्या मरत आहेत, त्या रस्त्यांवर. ब्राझीलच्या मध्यभागी सेराडो नावाचा सुमारे २० लाख चौरस किलोमीटरचा झुडपी-गवताळ प्रदेश आहे. त्याचं जवळपास निम्मं मूळ रूप सोयाबीन, ऊस, निलगिरी आणि गुरांच्या कुरणांखाली गेलं. हा माल वाहून नेणाऱ्या ट्रकांचे महामार्ग उरलेल्या तुकड्यांना चिरत जातात. मातो ग्रोसो दो सुल राज्यात ‘इकास’ ही संशोधन संस्था २०१७ पासून महामार्गांवर मुंगीखाऊंचा अभ्यास करते आहे. तिच्या नोंदींत मेलेले मुंगीखाऊ शेकड्यांनी आहेत. काळपट अंग, खाली घातलेलं डोकं, संथ चाल. रात्रीच्या ट्रकचालकाला तो दिसतो तेव्हा उशीर झालेला असतो, आणि अशा धडकेत माणसंही जातात. उपग्रहाद्वारे माग काढलेल्या प्राण्यांवरून आणखी एक गोष्ट कळली. मुंगीखाऊ रस्त्याला बिचकत नाही, चालण्याची रीत बदलत नाही, आणि रस्त्याखाली मोरी असली म्हणून तिच्याकडे वळतही नाही. त्याला मोरीकडे नेणारं कुंपण लागतं. नागपूर-शिवनी महामार्गावर पेंचच्या जंगलात उंचावलेल्या रस्त्याखालून आज वाघ ये-जा करतात, त्या कामाची दिशा हीच आहे. ब्राझीलच्या हजारो किलोमीटरांवर ते करायला पैसा आणि इच्छा दोन्ही लागतील.

वणव्याचं संकट वेगळं. दाट लांब केस पटकन पेटतात आणि वेगाने पळून जाणं या शरीराला जमत नाही. १९९४ साली ब्राझीलच्या एमास राष्ट्रीय उद्यानातल्या वणव्यात मुंगीखाऊ होरपळून मेले होते. २०२० मध्ये पांतानाल जळालं तेव्हा सुमारे १ कोटी ७० लाख पृष्ठवंशीय प्राणी मेले, असा संशोधकांचा अंदाज आहे.

आज ही जात संकटग्रस्त जीवांच्या जागतिक लाल यादीत ‘असुरक्षित’ आहे. एल साल्व्हाडोर आणि उरुग्वेतून ती नाहीशीच झाली. अर्जेंटिनाच्या कोरिएंतेस प्रांतातही विसाव्या शतकात ती संपली होती, पण तिथली पुढची हकिगत वेगळी आहे. डग्लस आणि क्रिस्टीन टॉम्पकिन्स या निसर्गरक्षणाला वाहून घेतलेल्या अमेरिकन उद्योजक दांपत्याच्या संस्थेने २००७ मध्ये तिथल्या इबेरा पाणथळीत मुंगीखाऊ परत सोडायला सुरुवात केली. पुढे हे काम ‘रिवाइल्डिंग अर्जेंटिना’ने चालवलं. आलेल्यांतली बरीच पिल्लं अनाथ होती. उत्तरेकडच्या प्रांतांत आई शिकाऱ्यांनी मारलेली, पिल्लू कुणाच्या तरी घरी वाढत असलेलं. त्यांना बाटलीने दूध पाजून मोठं करायचं, रोगांची तपासणी करायची, वारुळं फोडण्याइतकं बळ आलं की सोडायचं. माग ठेवणारं यंत्रही नेहमीसारखं गळ्यात बांधता येत नाही, कारण डोकं मानेपेक्षा बारीक असल्याने पट्टा सरळ घसरून पडतो. म्हणून छातीभोवती पट्ट्यांची बांधणी करावी लागली. हळूहळू जंगलात जन्मलेली पिल्लं दिसू लागली, आता तर सोडलेल्यांच्या नातवंडांच्याही पिढ्या आहेत.

ऑगस्ट २०२३ मध्ये ब्राझीलच्या रिओ ग्रांदे दो सुल राज्यातल्या एस्पिनिल्यो उद्यानातल्या स्वयंचलित कॅमेऱ्यात एक मुंगीखाऊ टिपला गेला. त्या राज्यातून तो सुमारे १३० वर्षांपूर्वीच संपला असं मानलं जात होतं. तो इबेरातून आला असावा असं संशोधकांना वाटतं. म्हणजे वाटेत त्याने उरुग्वे नदी ओलांडली असणार, आणि पोहण्यात हा प्राणी चांगलाच तयार आहे. पण एकट्यादुकट्याने वस्ती उभी राहत नाही. त्याच्यामागून आणखी नर-माद्या यायच्या, तर मधल्या कुरणांवर सोडलेल्या कुत्र्यांना आवर घालावा लागेल, कुरणांच्या कडेची झाडी राखावी लागेल आणि रस्त्यांवरचा वेग कमी करावा लागेल. एका मादीला एका खेपेस एकच पिल्लू होतं, हे तिथल्या प्रत्येक योजनेत आधी मांडून मगच पुढचा हिशेब करावा लागेल.