फेरो बेटांची स्वायत्तता

उत्तर अटलांटिक महासागरात स्कॉटलंड, नॉर्वे व आइसलँड यांच्या दरम्यान असलेला फेरो हा १८ बेटांचा समूह डेन्मार्कच्या राजसत्तेखालील स्वयंशासित प्रदेश आहे. क्षेत्रफळ सुमारे १,४०० चौ. किमी., वस्ती सुमारे ५४,०००. राजधानी तोर्शाव्न.

ही बेटे मूळची नॉर्वेच्या राजाची. १८१४ च्या कील तहाने डेन्मार्कने नॉर्वे गमावला. फेरो, आइसलँड आणि ग्रीनलंड मात्र त्याच्याकडेच राहिले. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीने डेन्मार्क व्यापला, तेव्हा ब्रिटनने एप्रिल १९४० मध्ये या बेटांचा ताबा घेतला. कोपनहेगनशी संपर्क तुटल्यामुळे युद्ध संपेपर्यंत बेटांचा कारभार बव्हंशी स्थानिकांनीच चालवला. त्यानंतर जुन्या व्यवस्थेत मुकाट्याने परतणे अवघड होते. सप्टेंबर १९४६ च्या सार्वमतात स्वातंत्र्याला निसटते बहुमत मिळाले. त्यावर राजा दहावा क्रिस्तियान याने लॉगटिंग हे स्थानिक विधिमंडळच बरखास्त केले. नव्या निवडणुकीत डेन्मार्कसोबत राहू इच्छिणारे पक्ष जिंकले आणि वाटाघाटींतून १९४८ चा स्वशासन कायदा आला.

लॉगटिंगमध्ये ३३ सदस्य असतात. डेन्मार्कच्या संसदेतही बेटांचे दोन प्रतिनिधी बसतात. २००५ च्या कायद्याने बहुतेक उरलेले विषय आपल्याकडे घेण्याची मुभा बेटांना मिळाली. राज्यघटना, नागरिकत्व, सर्वोच्च न्यायालय, संरक्षण, परराष्ट्र धोरण आणि चलन हे विषय मात्र कोपनहेगनकडेच राहतात. फेरोच्या नोटा वेगळ्या छापल्या जातात, पण त्यांचे मूल्य डॅनिश क्रोनइतकेच असते.

या नात्याचे खरे मर्म मासळीत आहे. वस्तूंच्या निर्यातीत मासळीचा वाटा ९० टक्क्यांहून अधिक. त्यामुळे डेन्मार्क १९७३ मध्ये युरोपीय आर्थिक समुदायात गेला, तरी सामायिक मत्स्यधोरणात आपले पाणी जाऊ नये म्हणून फेरो बाहेरच राहिले. याची विचित्र परिणती २०१३ मध्ये दिसली. हेरिंग मासळीच्या वाट्यावरून युरोपीय संघाने फेरोवर व्यापारी निर्बंध लादले. जागतिक व्यापार संघटनेत फेरोच्या वतीने तक्रार करणे डेन्मार्कलाच भाग पडले, म्हणजे तो स्वतः सदस्य असलेल्या संघाविरुद्धच उभा राहिला! २०१४ मध्ये वाद मिटला.

स्वातंत्र्यवादी पक्ष आजही प्रबळ आहेत. डेन्मार्कच्या वार्षिक अनुदानाशिवाय बेटांचे कसे भागेल, हा त्यांच्यापुढचा जुनाच प्रश्न आहे.