पाटीचा दगड मधोमधच का फोडतात?

परवा एक व्हिडिओ पाहिला. ब्रिटनच्या उत्तर वेल्समधला कारागीर मांडीला छपरावर घालायच्या पाट्यांच्या दगडाचा ठोकळा टेकवून बसलाय. रुंद, पातळ छिन्नीवर मोगरीच्या चार टपल्या, आणि ठोकळा वहीसारखा उघडतो! पाठवणाऱ्याने लिहिलं होतं, ‘चिखलाचे थर सुटताहेत.’

ते थर नव्हेत. चिखल थरांनी साचला हे खरं, पण पुढे भूखंडांच्या रेट्यात तो चेंगरला आणि अभ्रकासारखे चपटे कण दाबाला काटकोनात रांगेने लागले. दगड फाटतो तो या नव्या दिशेने, बहुतेकदा मूळ थरांना तिरपं छेदत. इंग्रज भूवैज्ञानिक हेन्री सॉर्बी यांनी हे १८५०च्या दशकात सूक्ष्मदर्शकाखाली पाहून मांडलं. जांभळ्या पाटीवरचे हिरवट ठिपके पाहा: चेंगरून लंबगोल झालेले.

आता माझी आवडती गोष्ट. कारागीर ठोकळा कडेने सोलत नाही. सोळा पाट्यांचा असेल तर आधी आठ-आठ, मग चार-चार, दोन-दोन. छिन्नी इथे कापत नाही, ती नुसती पाचर. दोन्ही बाजू सारख्या जाड असल्या की सारख्याच वाकतात आणि चिरेच्या टोकाशी तिला सरळ उघडणारा ताण तेवढा उरतो. एक बाजू पातळ असली तर ती जास्त वाकते, टोकाशी कातर-प्रतिबलही (दोन बाजूंना एकमेकींवरून सरकवू पाहणारा ताण) येतं, आणि चीर ते शून्य होईल अशा दिशेला वळते, म्हणजे पातळ बाजूकडे. सरपण फोडताना कडेची ढलपी मध्येच निसटते, तसंच. रांगेतले कण चिरेला बऱ्यापैकी सरळ धरतात, पण किती, ते हाताला कळावं लागतं. शिवाय ठोकळा खाणीतून ओला आलेला असतानाच फोडायचा. वाळला की तो नीट फुटत नाही.

मग खिळा ठोकलेल्या मापकाठीने ओरखडा काढून कडा छाटायच्या. २४ बाय १२ इंचांची ती ‘डचेस’, २० बाय १०ची ‘काउंटेस’. मोजताना हजार म्हणजे १२००, वर फुटतुटीच्या ६०!

हे सगळं धुळीत. खाणमालकांचे डॉक्टर सांगत की ही धूळ निरुपद्रवी, दोष कामगारांच्या उकळून कडू झालेल्या चहाचा. पांढऱ्या कोटातल्या भोंदूगिरीला अंगारा लागत नाही. फुप्फुसं निकामी झालेल्यांना भरपाई देणारा कायदा आला १९७९ साली. उत्तर वेल्समधली डिनॉर्विकची प्रचंड खाण तोवर बंद होऊन दहा वर्षं झाली होती.